छोट्या बॅचच्या बिअरमध्ये गॅस भरताना: थंडी आधी, दाब नंतर, आणि जवळ एक वजनकाटा

प्रश्न थोडक्यात असा: चार-पाच लिटरची बॅच, सोड्याच्या दोन लिटरच्या पेट (प्लॅस्टिकच्या) बाटल्या, कार्बोनेशनचं झाकण (गॅसची नळी जोडायला चोच असलेलं) आणि कार्बन डायऑक्साइडचा छोटा सिलिंडर. रेग्युलेटर (सिलिंडरमधून येणाऱ्या गॅसचा दाब ठरवणारं यंत्र) ३० पीएसआयवर ठेवायचा (पीएसआय हे दाबाचं एकक), बाटली जोडायची आणि जोरजोरात हलवायची. कधी झाकण सैल करताच अर्धी बिअर फेस होऊन ओट्यावर, तर कधी बाटली दगडासारखी टणक असूनही ग्लासात बिअर अगदी मेलेली. पद्धत एकच, मग दर वेळी वेगळं का होतं?

खरं म्हणजे पद्धत एकच नाही. ज्या दिवशी बिअर फ्लॅट निघाली त्या दिवशी तुम्ही बहुधा बाटली ३० वर भरून नळी काढली आणि मग हलवली. ज्या दिवशी फेस उसळला त्या दिवशी नळी तशीच जोडलेली ठेवून हलवत राहिलात. वरवर फरक क्षुल्लक वाटतो, पण सगळी गोम त्यातच आहे.

आधी फ्लॅट बाटली घेऊ. दोन लिटरच्या बाटलीत पावणेदोन लिटर बिअर असेल तर वर साधारण पाव लिटर मोकळी जागा उरते. त्या पाव लिटरमध्ये ३० पीएसआयला मावतो जेमतेम दीड ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. नळी काढली की तुमच्याकडे तेवढीच शिधासामग्री. तो सगळा गॅस हलवून बिअरमध्ये नेला तरी बिअरचं कार्बोनेशन ०.८५ व्हॉल्यूमवरून (हे विरघळलेल्या गॅसचं माप, पुढे सांगतो) १.२ च्या आसपास पोहोचेल. चांगल्या पेल एलला २.४-२.५ लागतात. बाटली टणक लागते ती वरच्या गॅसमुळे. बिअरमध्ये किती गॅस गेला हे बाटली दाबून कळत नाही. निदान हलवण्याआधी तरी नाहीच.

आता उसळलेली बाटली. ४ अंश सेल्सियसच्या बिअरवर ३० पीएसआय सतत राहिला आणि ती नीट हलवत राहिलात, तर ती ४.२ व्हॉल्यूमच्या दिशेने जाणार. तो आकडा बिअरचा नाही, कडक सोड्याचा आहे. वाटेत कुठे थांबायचं याचा काहीच संकेत नसतो. तुम्ही ‘वीस वेळा हलवलं’ असं मोजता, पण हात दमलेला असताना वीस आणि ताजा असताना वीस यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

म्हणून माझं पहिलं म्हणणं: ३० विसरा. जितकं कार्बोनेशन हवं तितक्याचाच दाब लावा आणि मग खुशाल हलवा.

यामागचं गणित सोपं आहे. १८०३ साली विल्यम हेन्री यांनी मांडलेला नियम सांगतो की ठरावीक तापमानाला द्रवात विरघळणारा वायू त्याच्यावरच्या दाबाच्या प्रमाणात असतो. ‘व्हॉल्यूम’ म्हणजे एक लिटर बिअरमध्ये विरघळलेला गॅस शून्य अंशाला आणि साध्या हवेच्या दाबाला किती लिटर भरेल तो आकडा. एक व्हॉल्यूम म्हणजे लिटरमागे साधारण १.९६ ग्रॅम. ४ अंशांच्या बिअरवर १२ पीएसआय, म्हणजे जवळपास ०.८ बार दाब ठेवला तर ती २.५ व्हॉल्यूमला स्थिरावते. त्याच्या पुढे ती जाऊच शकत नाही, तुम्ही तासभर हलवा. हलवण्याने वेग वाढतो, शेवटचा मुक्काम दाब आणि तापमान मिळून ठरवतात. हे एकदा डोक्यात बसलं की फेस उसळण्याची भीती निम्मी कमी होते.

तापमानाबद्दल मात्र बहुतेक जण स्वतःला फसवतात. फ्रिजचा आकडा म्हणजे बिअरचं तापमान नव्हे. दोन लिटरची बाटली संध्याकाळी आत ठेवली तर दोन तासांत बाहेरून गार लागते, मधली बिअर कोमटच असते. मी नेहमी आदल्या रात्री ठेवतो. त्याच १२ पीएसआयला बिअर ४ ऐवजी ८ अंशांवर असेल तर २.५ ऐवजी २.२ व्हॉल्यूमच मिळतात. २० अंशांच्या बिअरमध्ये २.५ आणायचे तर दाब २८ पीएसआयच्या आसपास लागेल, आणि ती बाटली उघडताना काय होतं ते तुम्ही पाहिलेलं आहेच. बाटल्या भरताना एक जादा बाटली पाण्याची भरून बिअरशेजारी ठेवा आणि थर्मामीटर त्या पाण्यात घाला. बिअर न उघडता तिचं तापमान कळतं.

रेग्युलेटरच्या काट्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. ० ते ६० पीएसआयच्या डायलवर १२ चा आकडा अगदी सुरुवातीला येतो आणि तिथे दोन पीएसआयची चूक सहज असते. दोन पीएसआय म्हणजे जवळपास ०.२ व्हॉल्यूम. शिवाय काटा दाखवतो तो भोवतालच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब. समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर उंचीवर असाल तर त्याच बिअरसाठी अडीचेक पीएसआय वाढवावे लागतात, कारण हवेचा दाबच तिथे तेवढा कमी.

आता कोणी फारसं बोलत नाही अशी गोष्ट. छोट्या बॅचवाल्यांच्या हातात एक हत्यार असं आहे, जे १९ लिटरच्या केगवाल्यांकडे (केग म्हणजे बिअरचं दाब सोसणारं स्टीलचं पिंप) नाही: त्यांची अख्खी बाटली स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मावते. पाच किलोचा, एक ग्रॅम दाखवणारा काटा पुरतो.

हिशोब असा. यीस्टने आंबवणं संपवलं तेव्हा बिअर २० अंशांवर होती, तर तिच्यात आधीच सुमारे ०.८५ व्हॉल्यूम गॅस असतो. आपल्याला २.५ हवेत, म्हणजे १.६५ ची भर. १.६५ गुणिले १.९६ गुणिले १.७५ लिटर, झाले ५.७ ग्रॅम. वरच्या पाव लिटर जागेत १२ पीएसआयला आणखी ०.९ ग्रॅम. एकूण साडेसहा ग्रॅम. बाटली झाकणासकट साडेसहा ग्रॅमनी जड झाली की काम झालं. एक ग्रॅम इकडे-तिकडे म्हणजे ०.३ व्हॉल्यूमपेक्षा थोडा कमीच फरक, आणि तेवढा जिभेला चालतो. बिअर बाटलीत ओतताना खळखळाट झाला असेल तर आधीचा गॅस थोडा उडून गेलेला असतो, तेव्हा अर्धा-एक ग्रॅम जास्त धरा.

मी प्रत्यक्षात करतो ते असं. रात्रभर थंड झालेली बाटली घेतो. झाकण काढून बाटलीच्या बाजू दोन्ही हातांनी दाबतो, बिअर काठापर्यंत चढते आणि किंचित फेस तोंडाशी येतो. दाब तसाच ठेवून कार्बोनेशनचं झाकण फिरवून घट्ट करतो. बाटली चेपलेली, केविलवाणी दिसते. ती कोरड्या फडक्याने पुसतो आणि वजन करतो. समजा १,८५४ ग्रॅम. मग १२ पीएसआयवर नळी जोडतो. गॅस ‘फुस्स’ करून आत जातो आणि बाटली टण्णकन् मूळ आकारात येते. बाटली आडवी करतो, म्हणजे बिअरचा पृष्ठभाग तळहाताएवढा न राहता अख्ख्या बाटलीच्या लांबीचा होतो, आणि पुढे-मागे झुलवतो. धसमुसळेपणा नको, पाळण्यासारखं. रेग्युलेटरमधून गॅस जाण्याचा खरखर आवाज येत राहतो. मिनिटभराने नळी काढली, बाटली पुसली, वजन १,८५८. पुन्हा दोन मिनिटं, १,८६०. आता आवाज जवळपास बंद, कारण बाटलीतला आणि नळीतला दाब जुळत आला. शेवटचा अर्धा ग्रॅम हलवून मिळवण्यात अर्थ नसतो. नळी जोडूनच बाटली फ्रिजमध्ये आडवी सोडतो, सकाळपर्यंत तो आपोआप आत जातो.

यातला ‘पुसतो’ हा शब्द नजरेआड करू नका. थंड बाटलीवर बाहेरचं दव धरतं आणि त्याचंच वजन एक-दोन ग्रॅम भरतं. सुरुवातीला मी हा दवच गॅस समजून मोजत होतो आणि ‘काट्याप्रमाणे भरपूर गॅस, ग्लासात मात्र काहीच नाही’ या कोड्यात महिनाभर अडकलो होतो. दर वजनाआधी कोरडं फडकं, तेही झाकणाच्या आट्यांपर्यंत.

बाटली चेपून हवा काढण्याचा टप्पाही वगळू नका, कारण गॅस भरण्याइतकंच ते महत्त्वाचं आहे. त्या पाव लिटर जागेत साधी हवा राहिली तर तिच्यात साधारण ७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. हलवून तुम्ही तोच बिअरमध्ये घुसळता. हिशोबाने लिटरमागे ४० मिलिग्रॅम. मोठ्या ब्रुअरीज बाटलीबंद करताना लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्याही खाली राहायची धडपड करतात, यावरून अंदाज घ्या. हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) वास चार दिवसांत ओल्या पुठ्ठ्यासारखा होतो तो बहुतेक वेळा याच कारणाने, आणि दोष मात्र हॉप्सच्या पाकिटाला लागतो.

स्टीलच्या छोट्या केगला चेपता येत नाही. तिथे ३० पीएसआय भरायचा आणि वरच्या झडपेतून सोडायचा, असं पाच वेळा. दर खेपेला आतली हवा सुमारे एक तृतीयांश उरते. पाचव्या खेपेनंतर ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून ०.१ टक्क्याच्या खाली येतो. ३० चा उपयोग मी फक्त इथे करतो, आणि तोही केग हलवण्याच्या आधी. आधी हलवून नंतर हवा काढणं म्हणजे घोडा पळाल्यावर तबेल्याला कुलूप.

हलवून झालेली बाटली लगेच उघडू नका, हे सांगायला नको असं वाटतं, पण उसळलेल्या दहा बाटल्यांमधल्या सात याच कारणाच्या असतात. हलवल्यावर बिअरभर बारीक बुडबुडे लटकलेले असतात. दाब सुटला की प्रत्येक बुडबुडा आजूबाजूचा गॅस ओढून फुगतो. बारा तास थंडीत उभी ठेवा, चोवीस दिले तर फारच छान. तळाचं यीस्ट आणि हॉप्सचा चुराही तोवर खाली बसतो. ‘फोर्स कार्बोनेशनची (म्हणजे अशी सिलिंडरने गॅस भरलेली) बिअर घशाला बोचते’ अशी तक्रार असते, तिच्यामागे बऱ्याचदा गॅस नसून हा ढवळलेला गाळच असतो. दुसऱ्या दिवशी तीच बिअर पिऊन बघा. आणि उघडताना झाकण पाव आटा सैल करून थांबा, फेस वर चढू लागला की पुन्हा आवळा. दोन-तीनदा असं केलं की शांत होते. विश्रांती देऊनही, थंड असूनही, वजन बरोबर असूनही बाटली उसळत असेल तर मग आंबवणं पुरं झालं नव्हतं किंवा बाहेरचा जंतू शिरला असं समजा. हायड्रोमीटरचा (बिअरची घनता मोजणाऱ्या नळीचा) आकडा लागोपाठ तीन दिवस स्थिर नसेल तर गॅस भरायच्या फंदात पडू नका.

नळी आणि रेग्युलेटरबाबत माझ्याच हातून झालेली एक चूक. बाटलीत एकदा ३० पीएसआय भरला होता. मग जास्त झालं म्हणून रेग्युलेटर १२ वर आणला आणि तीच बाटली उलटी धरून नळी जोडली, ‘गॅस बिअरमधून वर जाईल, लवकर विरघळेल’ या हुशारीने. आत दाब जास्त, नळीत कमी. बिअरने उलटा रस्ता धरला आणि रेग्युलेटरच्या पोटात जाऊन बसली. त्या वेळी फार काही वाटलं नाही. दोन आठवड्यांनी आतली साखर वाळून चिकटली आणि काटा १२ वर लावला की हळूहळू स्वतःच २० वर सरकू लागला. खोलून कोमट पाण्याने धुतल्यावर सुधारला, पण एक अख्खी बॅच त्याआधी सोडा झाली होती. नळीत एकमार्गी झडप बसवा, बाटली उलटी धरू नका, आणि दाब कमी करायचा असेल तर आधी बाटलीतला कमी करा, मग जोडा.

हलवायचाच कंटाळा असेल तर न हलवताही होतं, आणि खरं सांगायचं तर चव त्यात सगळ्यात स्वच्छ येते. ४ अंश, १२ पीएसआय, नळी जोडलेली, बाटली किंवा छोटा केग आडवा. १९ लिटरच्या उभ्या केगला यासाठी आठवडा ते दोन आठवडे लागतात. आपल्या भांड्यात बिअरची खोली कमी, त्यामुळे वेळही बराच कमी. चौथ्या दिवसापासून रोज वजन करून बघा, वाढ थांबली की झालं. अडचण एकच. इतके दिवस गळती नसेल याची खात्री हवी. साबणाचं पाणी करून प्रत्येक जोडावर ब्रशने लावा आणि पाच मिनिटं बघत बसा. पाच सेकंद बघून उठू नका, बारीक गळतीचा बुडबुडा सावकाश फुगतो. प्लॅस्टिकच्या कार्बोनेशन झाकणांमध्ये आतला वॉशर बहुतेक वेळा दोषी असतो. त्यावर खाण्याजोग्या सिलिकॉन ग्रीसचं अगदी पातळ बोट फिरवा.

बाटलीच्या निवडीबद्दल मी कडक आहे. सोड्याची पेट बाटलीच हवी. तळाशी पाच पायांसारखे फुगवटे असतात ती. साध्या पाण्याची पातळ, मऊ बाटली दाबासाठी बनवलेलीच नसते. सोड्याच्या बाटलीला आपल्या १२ पीएसआयचं काहीच वाटत नाही: ४ व्हॉल्यूमचा सोडा ३० अंशांच्या खोलीत ठेवला तर आतला दाब ६५ पीएसआयच्या पुढे जातो आणि ती निवांत उभी असते. मात्र तळाच्या फुगवट्यांजवळ बारीक पांढऱ्या भेगा दिसल्या, किंवा गरम पाण्याने धुतल्यामुळे ती वाकडी झाली असेल, तर फेकून द्या. काचेच्या बाटलीला सिलिंडर जोडून गॅस भरायचा नाही, मग ती कितीही जाड दिसो. काचेचे ग्रोलर तर मुळीच नाहीत. ते भरलेली बिअर नेण्यासाठी असतात. काच फुटण्याआधी सूचना देत नाही.

चार-पाच लिटरच्या छोट्या केगवर गॅस कार्ट्रिजचा रेग्युलेटर लावणाऱ्यांचा एक हमखास गैरसमज असतो की १६ ग्रॅमच्या एका कार्ट्रिजमध्ये सगळं भागेल. चार लिटर बिअर ०.८५ वरून २.५ ला न्यायलाच १३ ग्रॅम लागतात. आणि बिअर ओतून संपेपर्यंत रिकामी होणारी जागा १२ पीएसआयने भरलेली ठेवायची तर आणखी १४ ग्रॅम. म्हणजे दोन कार्ट्रिज, आणि हवा काढण्यात गेलेला गॅस वेगळा. सिलिंडर नसेल तर माझा सल्ला असा की केगमध्ये साखर घालून नैसर्गिक कार्बोनेशन करा, आणि कार्ट्रिज फक्त ओतण्यासाठी राखा. एका व्हॉल्यूमला लिटरमागे साधारण ३.८ ग्रॅम साखर पडते, तर १.६५ साठी सव्वासहा ग्रॅम.

कार्ट्रिज घेताना दोन गोष्टी पाहा. एअरगनसाठी विकल्या जाणाऱ्या काही कार्ट्रिजमध्ये वंगणाचं तेल असतं, म्हणून खाद्यपदार्थांसाठीचंच घ्या. आणि क्रीम फेटायची ८ ग्रॅमची कार्ट्रिज दिसायला तशीच असतात, पण त्यांत नायट्रस ऑक्साइड असतो, तो बिअरच्या कामाचा नाही. कार्ट्रिजच्या आत २० अंशांना ५७ बारच्या आसपास दाब असतो. रेग्युलेटरशिवाय ते थेट बाटलीवर फोडण्याचे जे जुगाड लोक करतात त्यांच्या वाटेला जाऊ नका.

हाच दाब सिलिंडरच्या बाबतीत दिशाभूलही करतो. आत द्रवरूप कार्बन डायऑक्साइड शिल्लक असेपर्यंत उच्च दाबाचा काटा जवळपास तसाच राहतो, आणि द्रव संपला की तो झपाट्याने कोसळतो. म्हणून सिलिंडरमध्ये किती उरलाय हेही वजनानेच कळतं. रिकाम्याचं वजन मानेवर कोरलेलं असतं. सिलिंडर नेहमी उभाच ठेवा. आडवा असला तर रेग्युलेटरमध्ये गॅसऐवजी द्रव जाईल. बंद खोलीत मोठा सिलिंडर ठेवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्या: पाच किलो द्रव म्हणजे सुमारे अडीच हजार लिटर गॅस. छोट्या खोलीत, समजा तीन बाय तीन मीटरच्या, तो सगळा गळला तर हवेत दहा टक्क्यांवर जाईल, आणि तेवढ्यात माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. हा गॅस हवेपेक्षा दीडपट जड असल्याने खाली साचतो. काम झालं की सिलिंडरची मुख्य चावी बंद करायची, नुसता रेग्युलेटर नव्हे.

जाता जाता, या उद्योगाची मुळं उलट्या दिशेने आलेली आहेत. १७६७ साली लीड्समध्ये जोसेफ प्रीस्टली शेजारच्या ब्रुअरीत आंबणाऱ्या पिंपांवरच्या गॅसमध्ये पाणी धरून प्रयोग करत होते, आणि त्यातून सोडावॉटरचा शोध लागला. म्हणजे आधी बिअरचा गॅस पाण्यात गेला, आणि आपण आता सोड्याच्या बाटल्यांत बिअर भरतोय.

कोणत्या बिअरला किती, याचे आकडे फार पवित्र मानू नका. इंग्लिश पद्धतीची कास्क एल (पिंपातच मुरलेली, कमी गॅसची बिअर) दीडच्या आसपासही गोड लागते, स्टाउटला मी १.८ ते २ देतो, पेल एल २.३ ते २.५, लागर २.५ ते २.७. गव्हाची बिअर तीनच्या पुढे जाते, आणि ती मी फोर्स कार्बोनेट करतच नाही. तिथे बाटलीत साखर घालून यीस्टला काम करू देणं मला जास्त पटतं. तशीच महिनोन्महिने ठेवायची बिअर. पेटच्या भिंतीतून गॅस हळूहळू बाहेर जातो आणि ऑक्सिजन आत येतो, त्यामुळे या बाटल्यांतली बिअर दोन-तीन आठवड्यांत संपवायची असा माझा नियम. लागरच्या बाबतीत पहिल्यांदा २.५ वरच थांबा. गॅस नंतर वाढवता येतो, कमी करायला मात्र झाकण उघडून वाट बघत बसावं लागतं आणि दर उघडण्यात वास उडतो.

अर्धी उरलेली बाटली हा या पद्धतीचा खरा फायदा. एक लिटर प्यायल्यावर वर सव्वा लिटर मोकळी जागा होते. साधं झाकण लावून ठेवली तर उरलेल्या बिअरमधलाच गॅस ती जागा भरायला बाहेर येतो आणि सकाळी बिअर निस्तेज. त्याऐवजी बाटली चेपून हवा काढा, कार्बोनेशनचं झाकण लावा, १२ पीएसआयवर नळी जोडून बाटली पुन्हा फुगेपर्यंत थांबा. हलवू नका. साडेचारेक ग्रॅम जास्तीचा गॅस जातो तेवढाच. नळी काढल्यावर झाकणाच्या चोचीवर बिअरचा थेंब राहिलेला असतो, तो पुसून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी ती चोच चिकटून बसते आणि तुम्ही रेग्युलेटरला शिव्या घालता.